पाण्यात दम कोंडू देऊ नका: हौशी ट्रायथलीटसाठी पोहण्याची आणि श्वासाची तयारी

धावणं आणि सायकलिंग करून पोहण्याकडे वळलेल्या माणसाची तक्रार बहुतेक एकच असते. "मी दहा किलोमीटर आरामात पळतो, पण इथे तलावाच्या दोन लेंग्थ (एका काठापासून समोरच्या काठापर्यंत) मारल्या की धाप लागते. माझा स्टॅमिना कमी पडतोय का?" मी प्रौढांना पोहायला शिकवते, त्यातही जास्त करून ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) करू पाहणाऱ्यांना, आणि या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे. तुमचा दम कमी पडत नाही. तो आत कोंडतो.

हे कसं होतं ते आधी समजून घ्या, कारण कारण कळलं की पुढचे सगळे व्यायाम मनापासून होतात. श्वास घ्यावासा वाटणं ही हाक मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून येते. ऑक्सिजन त्या वेळी पुरेसा असतो. जमिनीवर उच्छ्वास आपोआप होतो, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. पाण्यात तोंड बुडालं की नवखा माणूस नकळत श्वास रोखून धरतो. दोन-तीन हात मारून तो तोंड बाहेर काढतो, तेव्हा त्याच्याकडे जेमतेम सेकंदभर असतो. तेवढ्यात आतली हवा सोडायची आणि नवी घ्यायची, ही दोन्ही कामं होत नाहीत. थोडी हवा सुटते, थोडी आत येते, बाकीची शिळी हवा तशीच राहते. पुढच्या श्वासाला त्यावर आणखी थर चढतो. पन्नास मीटरपर्यंत छाती टम्म भरलेली असते आणि तरी जीव गुदमरत असतो. माणूस म्हणतो, हवा पुरत नाही. खरं तर त्याची हवा बाहेर पडत नाही.

म्हणून माझ्याकडे पहिले काही दिवस सगळं लक्ष सोडण्यावर असतं. नीट सोडलंत तर घेणं आपोआप होतं.

बुडबुड्यांकडे बघा

शिकवताना मी काठावर गुडघे टेकून बसते आणि आधी बुडबुडे बघते. हात-पाय नंतर. श्वास रोखणाऱ्याचा चेहरा पाण्यात गेला की गालांजवळचं पाणी शांत असतं, काहीच हालत नाही. मग मान वळायला लागली की एकदम भसकन मोठा फुगा फुटतो, त्यातला अर्धा पाण्याबाहेर. तोंड आऽऽ करून उघडतं, गळ्याच्या शिरा ताणतात, कपाळ वर येतं. ज्याला जमलंय त्याचं चित्र वेगळं असतं. चेहरा पाण्यात गेल्यावर लगेच नाकपुड्यांतून बारीक बुडबुड्यांची माळ सुरू होते, गालावरून कानाकडे सरकते, शेवटी जरा जाड होते. ओठ पृष्ठभागापाशी येतात त्या क्षणी उरलेली हवा तोंडातून एका फुंकरीत जाते आणि तोंड रिकामं, मोकळं असं हवेत येतं. ही माळ तुटली नाही तर पोहणाऱ्याचे खांदेही सैल राहतात. एवढ्यावरून मला त्याचं पुढचं अर्धं पोहणं कळतं.

हे शिकायला पोहावंच लागत नाही. छातीएवढ्या पाण्यात काठ धरून उभे राहा. तोंडाने साधा श्वास घ्या, खोल नको. चेहरा पाण्यात घाला आणि नाकातून "हूंऽऽ" असं गुणगुणत हवा सोडा. गुणगुणायला सांगते त्याचं कारण असं की हवा वाहिल्याशिवाय आवाज निघत नाही. आवाज थांबला की तुम्ही श्वास रोखलात हे तुमचं तुम्हालाच कळतं. मनात चारपर्यंत मोजा, शेवटच्या अंकाला तोंडातून "फू" करा आणि वर येऊन फक्त तोंडाने श्वास घ्या. वर आल्यावर थांबू नका, लगेच पुन्हा खाली. असे दहा सलग, थोडी विश्रांती, परत दहा. पहिल्या दिवशी सातव्या-आठव्याला घाई सुटते. ती घाई निघून गेली, दहाच्या दहा एका लयीत झाले की समजा पाया बसला. सायनसचा त्रास असेल तर नाकाला क्लिप लावा आणि सगळी हवा तोंडातून सोडा, तेही चालतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे तळाला बसणं. शेजारी पोहता येणारा माणूस उभा करा. उथळ भागात हवा सोडत सोडत खाली बसा, तळ लागला की वर या. छातीत हवा धरून ठेवलीत तर शरीर खाली जाणारच नाही, वरच रेंगाळेल. काहींचं अंग मुळातच जास्त तरंगतं, त्यांनी तळाचा हट्ट धरू नये. पण हवा गेल्यावर भीती न वाटता शरीर सैल पडतं हा अनुभव प्रत्येकाने घ्यायलाच हवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. पाण्यात शिरण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन एका दमात पाण्याखालून लेंग्थ मारायची, असा "दम वाढवण्याचा" प्रकार अनेक तलावांवर चालतो. भराभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खाली जातो. मग श्वासाची हाक उशिरा येते आणि ती येण्याआधीच मेंदूला ऑक्सिजन अपुरा पडून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. कसलीही धडपड न होता, आवाज न होता. चांगले, तरबेज पोहणारे असे गेले आहेत. श्वास रोखण्याच्या पैजा लावणाऱ्या मित्रालाही तिथल्या तिथे थांबवा.

डोकं वर उचलू नका

श्वास सोडणं जमलं की पुढचा अडथळा म्हणजे तो घ्यायला डोकं कसं वळवायचं. फुप्फुसांमुळे छाती तरंगते, कमरेखालचा भाग जड असतो. त्यामुळे अंग पाण्यात आडवं ठेवणं हे नाजूक काम आहे. डोकं दोन-तीन बोटं वर उचललं तरी पाय खाली जातात. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे आणि त्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बुडालेले पाय ओढत पुढे जायचं तर सगळी ताकद त्यातच जाते. मग जास्त दम लागतो, जास्त दम लागला की डोकं आणखी वर, की पाय आणखी खाली. हे चक्र तोडायचं तर डोक्यापासून सुरुवात करावी लागते.

नजर तळाकडे, किंचित पुढे. मान लांब आणि सैल. टाळूपासून घोट्यांपर्यंत एक सळई आरपार गेली आहे आणि अख्खं अंग तिच्याभोवती फिरतंय, असं धरून चाला. श्वासासाठी मान वेगळी वळवायची नसते. अंग कुशीवर वळतं, डोकं त्याच्यासोबत जातं आणि शेवटी थोडंसं जास्त वळतं, एवढंच. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. हनुवटी खांद्याकडे. तोंड जवळच्या कोपऱ्यातून उघडायचं.

"एवढं कमी वळून तोंडात पाणी जाणार नाही का?" हा प्रश्न सगळे विचारतात. डोकं पाणी कापत पुढे जातं तेव्हा त्याच्यापुढे छोटी लाट उठते आणि लगेच मागे, गालाजवळ, पाण्यात एक खळगा तयार होतो. पृष्ठभागाच्या पातळीपेक्षा तो खाली असतो. श्वास त्या खळग्यातून घ्यायचा. फार हळू पोहताना खळगा लहान असतो, म्हणून नवख्याला जास्त पाणी लागतं. थोडा वेग आला की सोपं होतं. शिवाय तोंडात थोडं पाणी येणारच. ते गालात धरायचं आणि पुढच्या उच्छ्वासासोबत थुंकायचं. हे मुद्दाम शिका: काठावर उभं राहून तोंडात घोटभर पाणी घ्या, ते न गिळता तोंडाने श्वास घ्या, मग थुंका. ओपन वॉटरमध्ये, म्हणजे समुद्रात किंवा तळ्यात, लाट तोंडावर आपटेल तेव्हा ठसका लागणं आणि न लागणं यांत एवढाच फरक असतो.

आता वेळ साधायची. उजवीकडे श्वास घेताय असं धरा. डावा हात पुढे पाण्यात शिरून लांब होतो, उजवा हात पाणी ओढत मांडीकडे येतो आणि अंग उजवीकडून वर येतं. डोकं त्याच वेळी वळायला हवं. उजवा हात बाहेर येऊन खांद्याच्या रेषेत पोचेपर्यंत चेहरा परत पाण्यात गेलेला असायला हवा. बहुतेकांचं डोकं उशिरा वळतं. हात बाहेर आल्यावर ते वळायला लागतं, मग हात पुढे पडत असताना तोंड अजून बाहेरच असतं.

आणि पुढचा हात! माझ्या मते हौशी पोहणाऱ्यांचा सगळ्यात महागडा दोष हाच. श्वास घेताना पुढे लांबवलेला हात आधार शोधतो आणि पाणी खाली दाबतो. क्षणभर डोकं वर येतं, बरं वाटतं. पण हात खाली गेला की त्या हाताने पाणी पकडून मागे ढकलायला काही उरत नाही, शिवाय आधार संपल्यामुळे तोंडही बुडतं. मित्राला बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि तोंड उघडं असतानाची फ्रेम थांबवून बघा. पुढचा हात पृष्ठभागाजवळ, खांद्याच्या रेषेत, बोटं मनगटापेक्षा जरा खाली असा दिसला तर उत्तम. कोपर सरळ तळाकडे झुकलेलं दिसलं तर पुढचे काही आठवडे याच एका गोष्टीवर काम करा, बाकी सगळं थांबू द्या.

त्यासाठी माझं आवडतं ड्रिल म्हणजे कुशीवरची किक. फिन्स (पायांत घालायचे रबरी पंख) घाला. खालचा हात पुढे लांब, वरचा हात मांडीवर, चेहरा तळाकडे. पाय मारत राहा, नाकातून हवा सोडत राहा. श्वास हवा झाला की चेहरा फक्त वरच्या बाजूला फिरवा, खालचा कान पुढच्या दंडाला टेकलेलाच राहील. श्वास घ्या, चेहरा परत खाली. पुढचा हात या सगळ्यात हलता कामा नये. हे जमलं की सहा किक, एक हात, कूस बदला, परत सहा किक. त्यानंतर सहा किक आणि तीन हात. घाई करू नका. कुशीवर आरामात श्वास घेता येत नाही तोवर पूर्ण फ्रीस्टाइलमध्ये (पालथं, हात आळीपाळीने मारत पोहण्यात) तो येणार नाही. फिन्स घालायला मोठ्या माणसांना संकोच वाटतो, तसा वाटून घेऊ नका. फिन्समुळे पाय वर राहतात आणि डोकं शिकायला मोकळं होतं.

समोरून नळी असलेलं स्नॉर्केल हातांचं काम सुधारायला चांगलं आहे, पण श्वास शिकायचा असेल तर ते आधीपासून लावू नका. ते श्वासाचा प्रश्नच बाजूला ठेवतं.

किती हातांना एक श्वास?

पुस्तकी उत्तर "तीन हातांना एक, म्हणजे दोन्ही बाजूंनी" असं असतं. सरावासाठी ते चांगलं आहे, शर्यतीसाठी मला ते पटत नाही. हिशोब करून बघा. मिनिटाला ६० हात मारलेत आणि तीन हातांना एक श्वास घेतलात तर मिनिटाला २० श्वास मिळतात. दोन हातांना एक घेतलात तर ३०. जोरात धावताना तुम्ही मिनिटाला किती श्वास घेता ते कधी मोजा. बहुतेकांचा आकडा तीसच्या वरच असतो. तेवढ्याच मेहनतीला पाण्यात २० श्वास कसे पुरतील? लांब अंतराचे अव्वल पोहणारेही शर्यतीत बहुतांशी दोन हातांना एक श्वास घेतात. तुम्ही त्यांच्यापेक्षा कमी हवेत भागवायचा प्रयत्न कशाला करायचा?

तरीही दोन्ही बाजूंनी श्वास घेता आलाच पाहिजे. एकाच बाजूची सवय असलेल्याचं अंग एकीकडे जास्त वळतं, तो सरळ रेषेत पोहत नाही, आणि शर्यतीत लाटा नेमक्या त्याच बाजूने आल्या की हतबल होतो. मी असा मार्ग सांगते: एक लेंग्थ फक्त उजवीकडे, परतीची फक्त डावीकडे, दोन्हींत दोन हातांना एक. हवा भरपूर मिळते आणि नावडती बाजूही तयार होते. वॉर्मअपमध्ये तीन हातांना एक. वळणाच्या बोयाजवळ (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेजवळ) किंवा गर्दीत दोन-दोन-तीन अशी सरमिसळ करून बाजू बदलता यायला हवी.

पाच-सात-नऊ हातांना एक श्वास असे "कमी श्वासाचे" सेट हौशी ट्रायथलीटने करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने फुप्फुसं मोठी होत नाहीत. ज्याची मूळ सवयच श्वास रोखायची आहे त्याला आपण पुन्हा रोखायलाच शिकवतो.

हात आणि पाय, थोडक्यात

हात डोक्याच्या मधल्या रेषेपलीकडे जाऊ देऊ नका. हात आडवा गेला की कंबर डुलते आणि तोल सावरायला पाय कात्रीसारखे फाकतात, विशेषतः श्वास घेताना. हात पाण्यात गेल्यावर कोपर वर ठेवून आधी पंजा आणि मग दंडापर्यंतचा हात मागे वळवायचा, पाणी खाली दाबायचं नाही. मुठी वळून पन्नास मीटर पोहलात की हाताचा पुढचा भाग काय काम करतो ते जाणवतं.

पायांचे स्नायू मोठे, त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो, आणि हौशी पोहणाऱ्याच्या किकने वेग फारसा वाढत नाही. पुढे सायकल आणि धावणं आहे. म्हणून हलकी, कमरेतून येणारी, एका हाताला एक अशी किक पुरे. घोटे सैल. धावणाऱ्यांचे घोटे आखडलेले असतात, रोज पाच मिनिटं टाचांवर बसून ते मोकळे करा. मांड्यांमध्ये पुल बॉय (फोमचा तरंगता तुकडा) लावला की पाय तरंगतात आणि सगळं छान वाटतं, म्हणून काही जण तो सोडतच नाहीत. सरावाचा एखादा तुकडा त्यासोबत ठीक, बाकी त्याच्याशिवाय.

सराव कसा बांधायचा

आठवड्यातून एकदा दोन तास पोहण्यापेक्षा तीनदा पाऊण तास पोहलेलं कितीतरी चांगलं. पाण्याचा अंदाज लवकर विसरतो. प्रत्येक सत्राची पहिली दहा मिनिटं काठाजवळचं श्वासाचं काम आणि कुशीवरची किक यांना द्या. अनुभवी झालात तरी.

सुरुवातीला सलग पोहण्याचा ध्यास सोडा. सलग पोहताना तंत्र मोडतं आणि मोडलेलं तंत्रच मुरतं. पन्नास मीटरचे बारा तुकडे, मध्ये वीस सेकंद विश्रांती. वेग असा की संपल्यावर एक पूर्ण वाक्य बोलता यावं. बाराही सारखे झाले की विश्रांती दहा सेकंदांवर आणा. मग शंभरचे सहा. मग अडीचशेचे तीन, म्हणजे स्प्रिंट ट्रायथलॉनचे ७५० मीटर झाले. त्यानंतर सलग ७५० मारलेत की ते विशेष वाटणारही नाही. शंभराव्या मीटरला धाप लागत असेल तर पहिली पंचवीस जास्त जोरात गेली, हे जवळपास नक्की. पहिली लेंग्थ फार सोपी वाटली पाहिजे.

सलग चारशे मीटर जमायला लागले की स्वतःचा वेग मोजा. चांगला वॉर्मअप करून ४०० मीटर जमेल तितक्या वेगाने, सम गतीने पोहा आणि वेळ लिहा. पूर्ण दम परत आल्यावर २०० मीटर तसंच. समजा ४०० ला ९ मिनिटं २० सेकंद लागले आणि २०० ला ४ मिनिटं २८ सेकंद. फरक ४ मिनिटं ५२ सेकंद, तो २०० मीटरचा. म्हणजे शंभरला २ मिनिटं २६ सेकंद. याला क्रिटिकल स्विम स्पीड म्हणतात. बराच वेळ टिकवता येईल अशा मेहनतीची ही वरची हद्द समजा. या वेगाने ७५० मीटरला १८ मिनिटं १५ सेकंद लागतात आणि ऑलिंपिक अंतराच्या १५०० मीटरला साडेछत्तीस मिनिटं.

आता आठवड्याची तीन सत्रं वेगवेगळी करता येतात. एकात ड्रिल आणि तंत्र, थकवा नको. दुसऱ्यात शंभरचे आठ ते बारा तुकडे या मोजलेल्या वेगाने, मध्ये पंधरा-वीस सेकंद. पहिला आणि शेवटचा तुकडा दोन-तीन सेकंदांच्या फरकात आला तर सत्र चांगलं झालं. तिसऱ्यात लांब तुकडे, दोनशे ते चारशेचे, शंभरामागे पाच-सहा सेकंद हळू. हाफ आयर्नमॅनचे १.९ किलोमीटर किंवा पूर्ण आयर्नमॅनचे ३.८ करायचे असतील तर हेच तिसरं सत्र वाढवत न्यायचं, दुसरं फारसं नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा.

घड्याळापेक्षाही मी एक प्रश्न जास्त विचारते: शेवटच्या तुकड्यात बुडबुड्यांची माळ चालू होती का? नसेल तर तो वेग अजून तुमचा नाही.

मोकळ्या पाण्यात

तलावात दर पंचवीस किंवा पन्नास मीटरला भिंत मिळते. तिथे ढकलून पुढे जाताना शरीराला क्षणभर उसंत असते. ओपन वॉटरमध्ये ती नाही, तळ दिसत नाही, रेघ नाही, पाणी गार असतं. पाण्यात एकटे कधीच उतरू नका. भडक रंगाची टोपी घाला, कमरेला तरंगता फ्लोट बांधा, किनाऱ्यावर किंवा बोटीत कुणीतरी लक्ष ठेवणारं हवं.

गार पाणी अंगावर आलं की श्वास आपोआप आत खेचला जातो आणि नंतर भराभर चालू राहतो. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, भित्रेपणा नाही, आणि एक ते तीन मिनिटांत ती ओसरते. तेवढा वेळ पोहायचंच नाही. आधी मानेवर, चेहऱ्यावर पाणी घ्या, वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी सूट) घातला असेल तर त्याच्या आत थोडं पाणी जाऊ द्या, उताणं तरंगा, लांब उच्छ्वास सोडा. चेहरा पाण्यात घालून "हूंऽऽ" करता आलं की मगच निघा.

वेटसूट असेल तर तो खांद्यांकडे नीट वर ओढून घाला. खाली राहिलेला सूट छाती आवळतो आणि गळ्याशी घट्ट बसतो, आणि मग दम कोंडतोय असं वाटायला लागतं. शर्यतीआधी तो घालून काही वेळा तरी पोहा. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमांत वयोगटातल्या, म्हणजे हौशी, स्पर्धकांना १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल तर वेटसूट चालत नाही, आणि सूटची जाडी ५ मिलिमीटरहून जास्त नको. लांब अंतराच्या आणि इतर आयोजकांच्या शर्यतींत मर्यादा वेगळ्या असतात, आणि त्या दिवशीची घोषणा अंतिम. त्यामुळे वेटसूटसह आणि त्याशिवाय, दोन्ही तयारी ठेवा.

दिशा बघायला डोकं पूर्ण वर काढू नका. पुढचा हात लांबवताना फक्त डोळे पाण्यावर आणा, बोया बघा, आणि लगेच चेहरा बाजूला वळवून नेहमीसारखा श्वास घ्या. समोर बघताना श्वास घ्यायचा नाही, ही दोन वेगळी कामं आहेत. सहा ते दहा हातांमागे एकदा पुरे, सरळ पोहत असाल तर आणखी कमी. तलावात प्रत्येक लेंग्थला दोनदा असं करून बघा, मानेला सवय लागते.

दुसऱ्याच्या पायांमागे किंवा कमरेशेजारी राहून पोहणं नियमात बसतं आणि त्याने मेहनत बरीच वाचते. पण पुढचा चुकीच्या दिशेने चालला असेल तर तुम्हीही चुकता, म्हणून आपली नजर आपणच ठेवायची.

घाबरल्यासारखं झालं तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा, त्या क्षणी सुचत नाही. उताणे व्हा. कान पाण्यात, पोट वर. हवा सोडा, लांब. काही श्वासांनंतर ब्रेस्टस्ट्रोकने डोकं वर ठेवून थोडं पुढे जा, मग फ्रीस्टाइल. ट्रायथलॉनमध्ये कुठलाही स्ट्रोक चालतो. बोया किंवा थांबलेली बोट, कयाक धरून विसावाही घेता येतो, फक्त तिच्या आधाराने पुढे जाता येत नाही. हात वर करून बोलावण्यात कमीपणा नाही.

आणि एक लक्षण ओळखून ठेवा. पोहताना न थांबणारा खोकला, छातीत घरघर, गुलाबी किंवा रक्ताची छटा असलेला फेस, आराम करूनही वाढत जाणारी धाप. पोहताना फुप्फुसांत पाणी साठण्याचा एक आजार आहे, त्याची ही चिन्हं आहेत. अशा वेळी दम धरून पुढे जायचं नाही. लगेच मदत मागून बाहेर यायचं, वैद्यकीय पथकाला दाखवायचं. ट्रायथलॉनमधले मृत्यू बहुतांशी पोहण्याच्या टप्प्यात होतात. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असलेल्यांनी आधी डॉक्टरांकडे जाऊन यावंच.

शर्यतीच्या दिवशी

परवानगी असेल तर सुरुवातीआधी दहा मिनिटं पाण्यात उतरा आणि शेवटी थोडे हात जोरात मारून एकदा धाप लागू द्या. ती पहिली धाप शर्यतीत लागण्यापेक्षा इथे लागलेली बरी. पाण्यात उतरू देत नसतील तर काठावर हात फिरवून, जागेवर धावून अंग तापवा. लाइनमध्ये उभे असताना लांब उच्छ्वास सोडत राहा. पहिल्यांदा करत असाल तर कडेला, मागच्या रांगेत उभे राहा. मधल्या गर्दीत लाथा बसतात, गॉगल सुटतात आणि श्वासाची लय मोडते.

पहिले दोनशे मीटर मुद्दाम हळू. सगळे सुटलेले असतात, तुम्हालाही सुटावंसं वाटेल. मनात फक्त "हूंऽऽ-फू-घ्या" चालू ठेवा. लय बसली की वेग आपोआप येतो.

शेवटच्या शंभर मीटरमध्ये किक थोडी वाढवा म्हणजे पायांत रक्त खेळतं. इतका वेळ आडवं राहून एकदम उभं राहिलं की चक्कर येऊ शकते. हात वाळूला किंवा तळाला लागेपर्यंत पोहा, मग उभे राहा. पहिली काही पावलं चाला, गॉगल कपाळावर घ्या, वेटसूटची चेन उघडा, आणि दोन-तीन लांब उच्छ्वास सोडून मग धावायला लागा. सायकलवर बसल्यावर पहिली पाच मिनिटं हलका गिअर ठेवा. पाण्याचा पहिला घोट श्वास पूर्ण शांत झाल्यावर घ्या, आधी घेतलात तर तिथेच ठसका लागतो.